मये : मान गावाचा, जमीन परक्याची

स्वित्झर्लंडच्या नागरिकाच्या पारपत्रावर त्याचे जन्मस्थान लिहिलेले नसते. तेथे असते त्याच्या घराण्याचे मूळ गाव, मग त्या गावात त्याने कधी पाऊल ठेवलेले असो वा नसो. तिकडील अनेक गावांत अशा मूळ घराण्यांची निराळी सभा आजही आहे. रान आणि कुरण तिच्या मालकीचे. बाहेरून येऊन वसलेल्या स्वदेशीयांना गावकारभारात मताधिकार मिळाला तो १८७४ च्या संघराज्य घटनेने. सामाईक रान मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्या सभेकडेच राहिले.

गोमंतकीयास याचे नवल वाटू नये. आपल्या गावकरीचा पाया हाच. गावची सामाईक जमीन गावकार पावणीने कसण्यास देत, बांधांची डागडुजी करीत, देवळाचा खर्च चालवीत आणि उरलेले उत्पन्न ‘जण’ म्हणून आपसांत वाटून घेत. हे रिवाज आफोंसो मेशियाने १५२६ साली लेखी नमूद केले. हिशेब कुळकर्ण्याकडे. घाटावरून वा सावंतवाडीकडून मागाहून आलेली आपल्यासारखी घराणी गावात राहिली, गावाच्या उपयोगीही पडली. पण गावकार झाली नाहीत. हा सल आपल्यात अजून पुरता निवालेला नाही, असे आम्हांस वाटते.

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. या नव्या काबिजादींत देवळे राहिली, पूजाअर्चा राहिली. तिसवाडी, साष्टी, बारदेशासारखा देवांवर निर्वासनाचा प्रसंग आला नाही. परंतु जमिनीची मांडणी वेगळी झाली. पेडण्यात देशप्रभूंसारखे मोठे जमीनदार घराणे, आणि डिचोली महालातील मये हा तर सबंध गावच पोर्तुगीज सत्तेने एका सरदार घराण्यास बहाल केलेला. ते घराणे ‘कोंदे द मये’ म्हणून ओळखले जाई. कसणारा, राहणारा, माड लावणारा गाव एकीकडे आणि कागदावरचा मालक दुसरीकडे, अशी ही स्थिती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मालक पोर्तुगालला गेला. लोकांस वाटले, आता जमीन आपली. घडले उलटेच. १९६४ च्या कायद्याने ही मिळकत ‘स्थलांतरित मालमत्ता’ ठरली आणि कस्टोडियनच्या हाती गेली. त्याच वर्षी कुळकायदा आला, १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला. शेजारच्या गावांतील कुळे आणि मुंडकार त्यांच्या आधारे हक्क मागू लागले, मयेकरांपर्यंत मात्र तो लाभ पोचला नाही. राजवट गेली, पण तिने दिलेले दान कायद्याने जपले. एका गावापुरती मुक्ती दफ्तरातच अडकून पडली, याहून सौम्य शब्द आम्हांस सुचत नाही. अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर, २०१४ साली विधानसभेने अशी मालकी, पदव्या व जमिनींची दाने रद्द करणारा कायदा केला आणि पुढे टप्प्याटप्प्याने सनदा देण्याचे काम सुरू झाले.

एवढा काळ गावाचे गावपण कशाने धरून ठेवले? आमच्या मते देवीने. मयेची महामाया ही सात बहिणींतली एक. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, पेडणे महालातील मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी, आणि लोकश्रद्धेप्रमाणे म्हापशाची मिलाग्रीस सायबीणही त्यांतलीच. महालांच्या, एवढेच काय धर्मांच्याही सीमा या नात्याने ओलांडल्या. महामायेचा कळसोत्सव आला की कोणत्या घरचा कोणता मान हे ठरलेले. त्यासाठी मालकी हक्काचा उतारा कोणी मागत नाही. ज्या घराची सरकारदरबारी नोंद नव्हती त्या घराचा देवीपुढचा मान मात्र अबाधित होता. ही गावकरी जमिनीची नव्हे, मानाची.

१९६२ च्या नियमनाने पंचायती आल्या आणि गावकार, कूळ, उपरा यांचे मत सारखे झाले. सनद मात्र एकेका कुटुंबाच्या नावे होते. तळ्याचा काठ, गुरांची पाणंद, जत्रेची वाट या सामाईक गोष्टी कोणा एकाच्या उताऱ्यात जाता कामा नयेत. त्यांची यादी ग्रामसभेनेच, आणि सनदा वाटून संपण्याआधी करावी. ती करताना मान असलेल्या घराबरोबर मान नसलेल्या घरासही विचारावे.