मांजराच्या पिल्लांचा आहार

मांजराच्या पिल्लांचा आहार म्हणजे पाळीव मांजराच्या (शास्त्रीय नाव: फेलिस कॅटस) पिल्लास जन्मापासून साधारण एक वर्षाचे होईपर्यंत लागणारे दूध व घन अन्न. पहिले तीन ते चार आठवडे पिल्लू केवळ दुधावर वाढते, चौथ्या ते आठव्या आठवड्यांत ते हळूहळू घन अन्नाकडे वळते आणि त्यानंतर त्याचा आहार पूर्णतः मांसाहारी प्राण्याचा होतो. आई जवळ असेल तर दुधाचे माप आणि वेळ ठरविण्याची गरज माणसाला पडत नाही. हा प्रश्न उद्भवतो तो प्रामुख्याने आईपासून दुरावलेल्या पिल्लांच्या बाबतीत.

महाराष्ट्रात अशी पिल्ले बहुधा घराच्या माळ्यावर, गोठ्यात, लाकडांच्या ढिगाऱ्यात सापडतात. ऊसतोडीच्या हंगामात ती उसाच्या फडातही सापडतात. तेथे ती अनेकदा पाळीव नसून रानटी मांजरांची असतात, आणि ती प्रथम पाहणाऱ्यांत बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी गेलेले कामगार मोठ्या संख्येने असतात. दोन्ही ठिकाणी पिल्लू पाहताच सुचणारा पहिला उपाय सहसा एकच असतो, तो म्हणजे बशीभर गायीचे दूध. दुर्दैवाने हा उपाय लहान पिल्लाच्या जिवावर बेतू शकतो.

आईचे दूध

मांजरीच्या पहिल्या दुधास, म्हणजे चिकास, विशेष महत्त्व आहे. त्यातून पिल्लाला रोगप्रतिकारक प्रतिद्रव्ये मिळतात. परंतु पिल्लाचे आतडे ती जन्मानंतरच्या साधारण १६ ते १८ तासांतच शोषू शकते. गायीचा चीक त्याची जागा घेऊ शकत नाही. चीक न मिळालेले पिल्लू पुढे कितीही चांगल्या दुधावर वाढविले तरी संसर्गास अधिक बळी पडते.

पिल्ले एकटी दिसली म्हणजे ती अनाथ असतातच असे नाही. मांजरी भक्ष्य शोधण्यासाठी काही तास दूर राहते, आणि जागा असुरक्षित वाटल्यास एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलविते. मांजर पिल्लांना सात घरे फिरविते, या लोकसमजुतीमागे हेच निरीक्षण आहे. शेवटचे पिल्लू नेण्यापूर्वीच ते कोणी उचलले तर अनाथ नसलेले पिल्लू अनाथ होते. पिल्ले उबदार, शांत आणि पोट भरलेली असतील तर आई येत-जात आहे असे समजावे. शंका असल्यास त्यांच्याभोवती जमिनीवर थोडे पीठ भुरभुरावे. परतलेल्या मांजरीची पावले त्यात उमटतात. दूध पाजणाऱ्या मांजरीला एरवीपेक्षा दुप्पट ते तिप्पट अन्न लागते, म्हणून पिल्लांना वरचे दूध पाजण्यापेक्षा आईलाच भरपूर खाऊ घालणे हा केव्हाही अधिक सोपा आणि खात्रीचा मार्ग होय.

गायीचे दूध का चालत नाही

मांजरीच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण सुमारे ७ टक्के असते. गायीच्या दुधात ते साधारण ३.३ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी असते. दुग्धशर्करा मात्र गायीच्या दुधात तुलनेने अधिक असते. ती पूर्णपणे न पचल्याने जुलाब होतात, आणि १५० ग्रॅमच्या जिवाला एका दिवसाचे जुलाबही शरीरातील पाणी घालवून संपवू शकतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असला तरी प्रथिनांची उणीव आणि दुग्धशर्करेचा प्रश्न कायम राहतो. दूध पातळ केले म्हणजे ते हलके होते, हा समजही चुकीचा आहे. पाण्याने शर्करा कमी होते तशीच आधीच अपुरी असलेली प्रथिनेही कमी होतात. मानवी बाळांची दूधभुकटी तर याहूनही गैरसोयीची ठरते, कारण ती मानवी दुधाच्या धर्तीवर, कमी प्रथिने आणि अधिक शर्करा ठेवून बनविलेली असते.

दुसरी उणीव टॉरिन या अमिनो सल्फोनिक आम्लाची. मांजराचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही, त्यामुळे ते आहारातूनच मिळावे लागते. टॉरिनच्या अभावी मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो हे १९७५ मध्ये, तर हृदयाचे स्नायू पसरट व दुबळे होण्याचा विकार त्याच अभावातून उद्भवू शकतो हे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर मांजरांच्या व्यावसायिक खाद्यात टॉरिन वाढविण्यात आले. कुत्र्यांच्या खाद्यात ते मांजराच्या गरजेइतके असेलच असे नाही.

म्हणून अनाथ पिल्लास मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेली दूधभुकटीच द्यावी. ती लहान गावांत सहज मिळत नाही. पशुवैद्यकाकडून किंवा मोठ्या शहरातून मागवावी लागते. तोपर्यंत एखादा दिवस निभावण्यासाठी पाणी न घातलेल्या शेळीच्या दुधात अंड्याचा पिवळा बलक मिसळून देण्याची रीत आहे. तिच्याकडे केवळ तात्पुरती सोय म्हणूनच पाहिले पाहिजे.

प्रमाण आणि वेळा

किती पाजावे हे वयावरून नव्हे, वजनावरून ठरते. स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा हे या कामातील सर्वांत उपयुक्त साधन आहे. जन्मतः पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते. निरोगी पिल्लाचे वजन रोज १० ते १५ ग्रॅमने वाढते; चार आठवड्यांचे पिल्लू ४०० ते ४५० ग्रॅमच्या आसपास असते. वजन रोज एकाच वेळी घेऊन लिहून ठेवावे. सलग दोन दिवस ते वाढले नाही, किंवा एका दिवसात घटले, तर ती आजाराची पहिली खूण असते. भूक मंदावणे, सतत ओरडणे किंवा अंग गार पडणे या खुणा बहुधा त्यानंतर दिसतात.

दर १०० ग्रॅम वजनामागे पिल्लास दिवसाला सुमारे २० किलोकॅलरी ऊर्जा लागते. तयार दुधात दर मिलिलिटरला साधारण एक किलोकॅलरी असते. नेमका आकडा डब्यावर पाहावा. जठराची क्षमता मात्र १०० ग्रॅम वजनामागे ४ ते ५ मिलिलिटर एवढीच असते. वारंवार पाजण्याचे कारण या दोन आकड्यांत आहे. १५० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला ३० मिलिलिटर दूध हवे, पण एका वेळी त्याच्या पोटात ६ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम सव्वा चहाचा चमचा मावते. पाच वेळा तरी पाजावेच लागते, आणि इतक्या लहान वयात जठर काठोकाठ भरणे हिताचे नसल्याने प्रत्यक्षात आठ वेळा, सुमारे ४ मिलिलिटर याप्रमाणे पाजतात. ४०० ग्रॅमच्या पिल्लाला ८० मिलिलिटर दूध पाच वेळांत, दर वेळी १६ मिलिलिटर याप्रमाणे पुरते.

वयाचा हिशेब ढोबळ मार्गदर्शनापुरता वापरावा. पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीदेखील, पाजावे लागते. दुसऱ्यात दर तीन ते चार तासांनी, तिसऱ्यात चार ते पाच तासांनी आणि चौथ्यात पाच ते सहा तासांनी. वय माहीत नसल्यास डोळे व दात पाहावेत. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात, पुढचे बारीक दात दुसऱ्या ते तिसऱ्या आठवड्यात आणि सुळे तिसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसू लागतात.

भुकेपेक्षा कमी पाजल्यास पिल्लू अस्वस्थ राहून ओरडते. अधिक पाजल्यास पातळ, पिवळसर वा हिरवट शौच होते. नवशिक्या पालकाकडून दुसरी चूक अधिक घडते, कारण पिल्लू पोट भरल्यावरही चोखत राहते.

पाजण्याची पद्धत

पाजण्यापूर्वी पिल्लू उबदार असले पाहिजे. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलेल्या पिल्लाचे आतडे दूध पुढे सरकवीत नाही. अशा वेळी पाजलेले दूध पोटात कुजते किंवा श्वासनलिकेत जाते. हाताला गार लागणारे पिल्लू प्रथम कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून हळूहळू ऊब द्यावी, मगच दूध पाजावे. पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवतीची हवा २९ ते ३२ अंश असावी. बीडसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीपार जातो, तेव्हा धोका उलट असतो. पत्र्याखाली ठेवलेली पिल्ले उष्म्याने आणि पाण्याअभावी दगावतात.

दूध सुमारे ३८ अंशांपर्यंत, मनगटावर थेंब टाकल्यास कोमट लागेल इतके तापवावे. पिल्लास पोटावर, आईला पिताना असते त्याच स्थितीत धरावे. मानवी बाळासारखे उताणे धरून पाजल्यास दूध फुफ्फुसात जाऊन न्युमोनिया होण्याची भीती असते. लहान बाटली किंवा सुई काढलेली सिरिंज वापरता येते; सिरिंजचा दट्ट्या जोराने दाबू नये. नाकातून दूध आल्यास लगेच थांबावे. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लू स्वतः मलमूत्र विसर्जित करू शकत नाही. आई त्याला चाटून ते करविते. माणसाने प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस हलकेच फिरवावा. कालविलेले दूध शीतकपाटात २४ तासांहून अधिक ठेवू नये.

घन अन्न

चौथ्या आठवड्याच्या सुमारास मांजरी पिल्लांपुढे उंदीर, पाखरू आणून टाकू लागते. हीच वेळ पिल्लांचे खाद्य कोमट पाण्यात किंवा दुधभुकटीच्या दुधात कालवून उथळ ताटलीत ठेवण्याची होय. सुरुवातीला पिल्लू त्यात पाय बुडविते, थोडे चाटते, पुष्कळ सांडते. बाटली एकदम बंद न करता आठव्या आठवड्यापर्यंत कमी करीत न्यावी. या काळात दिवसातून चार ते पाच वेळा, चौथ्या महिन्यापर्यंत चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन वेळा आणि पुढे वर्षभर दोन वेळा खाणे पुरेसे असते. दोन-अडीच महिन्यांच्या, एक किलो वजनाच्या पिल्लास दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. कोरड्या खाद्याच्या रूपात हे साधारण ५० ते ५५ ग्रॅम होते. स्वच्छ पाणी नेहमी समोर असावे.

महाराष्ट्रातील घरांत मांजराला दूध-भाकरी किंवा दूध-भात कुस्करून घालण्याची पद्धत रूढ आहे. प्रौढ मांजर त्यावर तगलेले दिसते, कारण उरलेली गरज ते उंदरांवर भागविते. घरात कोंडलेल्या, शिकार न शिकलेल्या पिल्लाला तो मार्ग उपलब्ध नसतो. गाजर-भोपळ्यातील बीटा-कॅरोटिनपासून जीवनसत्त्व अ बनविणेही मांजराला जमत नाही. बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, काटे काढलेली मासळी आणि उकडलेले अंडे देता येते. परंतु निव्वळ मांसावर ठेवल्यास कॅल्शियमअभावी हाडे ठिसूळ होतात. रश्श्यातील मांस देऊ नये, कारण कांदा व लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात.

ऊसतोडीत सापडणारी पिल्ले

ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो. दाट सावली, पाणी आणि उंदीर या तिन्हींमुळे रानमांजर, वाघाटी आणि बिबट्या या मार्जारकुळातील प्राण्यांना पिल्ले घालण्यासाठी फड सोयीचा वाटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तोड सुरू झाली की बीडमधील कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात पोहोचतात, आणि कोयत्यापुढे पाचटात पिल्ले दिसतात. आई माणसांच्या आवाजाने दूर गेलेली असते. सहसा ती अंधार पडल्यावर परतते.

वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक असून प्रौढ प्राण्याचे वजनही दीड किलोच्या आसपासच भरते. नवजात पिल्लू ६० ते ७७ ग्रॅमचे असते, म्हणजे त्याच्या पोटात एका वेळी तीन मिलिलिटरच्या आसपास दूध मावते. कोपीवर नेऊन वाटीभर दूध पाजलेले असे पिल्लू क्वचितच जगते. जगले तरी माणसाळल्यामुळे आणि शिकार न शिकल्यामुळे ते पुन्हा रानात सोडता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार असे पिल्लू बाळगणे हा गुन्हादेखील आहे.

येथे योग्य आहार म्हणजे काहीच न पाजणे. त्या सरीतील तोड थांबवून पिल्ले जागीच ठेवावीत आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वनकर्मचारी व पशुवैद्यक पिल्लांची तपासणी करून संध्याकाळी त्याच ठिकाणी ती उघड्या पेटीत ठेवतात व दुरून कॅमेऱ्याने पाहतात. पुणे जिल्ह्यात जुन्नर परिसरात बिबट्याच्या बछड्यांची व वाघाटीच्या पिल्लांची या पद्धतीने आईशी अनेकदा भेट घडवून आणण्यात आली आहे. आई आली नाही, किंवा पिल्लू जखमी असले, तरच ते उपचार केंद्रात हलविले जाते. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे जखमी व अनाथ वन्यजीवांसाठी सर्पराज्ञी हे केंद्र चालते. केंद्रात पोहोचेपर्यंत पिल्लास ऊब आणि अंधार द्यावा. दुधाचा निर्णय तेथील पशुवैद्यकावर सोपवावा.