भरिताचं ताट आणि मोटेचा बैल

वाचकहो, हिवाळ्यात जळगावजवळच्या असोद्याला गेलात, तर भरीत खाल्ल्याशिवाय कोणी तुम्हांला सोडायचं नाही. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात सैल सोडून ओतलेलं तेल; सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. या ताटात ना मांस, ना दूध, ना तूप. मात्र त्यासाठी असोदेकरानं कधी व्रत घेतलं नव्हतं. शेतात पिकलं ते ताटात आलं, इतकंच!

व्रत घेतलं ते इंग्लंडातल्या काही शाकाहाऱ्यांनी. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४४ साली ‘व्हीगन’ हा शब्द रूढ केला. दूध-अंडी वर्ज्य करून ते थांबले नाहीत. पुढे लोकर, चामडं, जनावराकडून घेतलेली मेहनतही त्यांनी नाकारली.

आता आपल्या शिवाराकडे पाहा. असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांचा जन्म १८८०चा, मृत्यू १९५१चा. गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ साली. त्या गाण्यांतून नांगर, मोट, बैल काढून टाका. मग उरेल काय? मोट चामड्याची, ती ओढणार बैल, आणि वांग्याला खत शेणाचं. म्हणजे ताट निर्दोष, पण त्यामागं बैलाचा घाम. पोळ्याला त्याच बैलाची पूजा व्हायची. हे ढोंग होतं असं मला वाटत नाही. पण बैलाला कोणी विचारलं नव्हतं, हेही खरं.

व्रत पाळणं किती अवघड, हे गांधीजींनी अनुभवलं होतं. गाई-म्हशींचा छळ ऐकून १९१२ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे आजारानं खंगल्यावर, १९१९च्या आरंभी, कस्तुरबांच्या आग्रहानं ते शेळीच्या दुधावर आले. व्रताचा शब्द राखला, आत्मा नाही, ही बोच त्यांनी आत्मकथेत मोकळेपणी सांगितली आहे. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनासाठी ते आपल्या खानदेशात, फैजपूरला आले, तेव्हा या गोष्टीला जवळजवळ अठरा वर्षं झाली होती.

व्हीगन मंडळींनीही पुढे आपल्या व्याख्येत ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ अशी सवड ठेवली. बहिणाबाईंच्या काळात बैलाशिवाय शेती शक्यच नव्हती. आज विहिरीवर विजेचा पंप आहे, नांगरटीला ट्रॅक्टर आहे, मोट गेली. बैलाची मेहनत वाचली खरी, पण कामाविना उभ्या बैलाला वैरण कोण घालणार? २०१५पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, आणि हा प्रश्न आता शेतकऱ्याच्या गोठ्यात येऊन बसला आहे.