आत्मप्रकटीकरण, अनाथ विद्यार्थ्यांचे

मातापित्यांच्या छत्रास पारखा झालेला विद्यार्थी आपल्या भावना, विचार व पूर्ववृत्त विश्वासू व्यक्तीस स्वेच्छेने सांगतो, त्या क्रियेस ही संज्ञा आहे.

सिडनी जुरार्ड व पॉल लासाको यांनी १९५८ साली आत्मप्रकटीकरण मोजणारी प्रश्नावली सिद्ध केली (पहा : मानसशास्त्रीय कसोट्या), तिच्या आधारे केलेल्या पाहणीत अविवाहित तरुण आपले मन सर्वाधिक आईजवळ उघड करतात, असे आढळले. नेमके हेच स्थान रिक्त असल्याने अनाथ विद्यार्थ्याला श्रोता बाहेर शोधावा लागतो. आणि बालगृहातील अधीक्षक वा काळजीवाहक बदलीमुळे वारंवार पालटत असतील, तर विश्वास रुजण्यापूर्वीच तुटतो.

शाळेच्या प्रवेशअर्जातील वडिलांच्या नावाचा रकाना, दाखल्यांची मागणी, सहाध्यायांची चौकशी यांमुळे त्याला आपली कैफियत इच्छेविरुद्ध पुनःपुन्हा मांडावी लागते. अशा सक्तीच्या कथनास आत्मप्रकटीकरण म्हणता येत नाही.

कॅरोल रिफ यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या मानसिक सुस्थितीच्या सहा घटकांपैकी आत्मस्वीकार व इतरांशी स्नेहसंबंध या दोहोंशी या विषयाचा निकटचा संबंध पोहोचतो (पहा : मनःस्वास्थ्य). तथापि अधिक सांगणे म्हणजे अधिक स्वास्थ्य, असे समीकरण ग्राह्य नाही. ऐकणाऱ्याचा प्रतिसाद व त्याने राखलेली गोपनीयता हीच येथे निर्णायक होत. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून अभ्यासलेले खाजगी भावलेखन हा, श्रोत्याची गरज नसलेला, पर्यायी मार्ग होय.

भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ७४ अन्वये, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे.