वसईच्या मोहिमेचे स्मारक : श्री वज्रेश्वरी देवालय

देवालयाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत लढाईची हकीकत कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या लढाईचे स्मारक म्हणून लढणाऱ्यांनीच एक देवालय बांधले, त्या लढाईचा एक महत्त्वाचा भाग भाईंदरच्या उंबरठ्यावर घडला आहे. म्हणून ही हकीकत येथील ग्रामस्थांस ठाऊक असावयास हवी.

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या रस्त्यास लागले की मुर्धे, राई, मोर्वे ही गावे मागे पडतात. पुढे खाडीच्या मुखाशी चौक गाव लागते. तेथील टेकडी म्हणजेच इतिहासातली धारावी. मुंबईतली झोपडपट्टीची धारावी निराळी. दोहोंची गल्लत पुष्कळ जण करतात. टेकडीवर उभे राहिले की खाडीपलीकडे वसईचा किल्ला समोर दिसतो. समुद्रातून वसईस जाणाऱ्या प्रत्येक गलबतास या टेकडीखालूनच जावे लागे. ज्याची तोफ धारावीवर, त्याच्या हाती वसईची रसद, असा हा साधा हिशेब होता. पोर्तुगीजांना ही टेकडी आणखी एका कारणाने परिचित होती. वसईचे तट आणि चर्च बांधण्यास लागलेला उत्तम दगड त्यांनी याच बाजूच्या खाणींतून नेला होता.

वसई पोर्तुगीजांकडे १५३४ साली आली. त्यानंतर दोनशे वर्षे साष्टी, वसई व उत्तर कोकणची किनारपट्टी त्यांच्या अमलाखाली होती. १७३७च्या मार्चमध्ये थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी मोहीम काढली व ठाणे घेतले. वसई मात्र हटली नाही. धारावीसाठी तर दोन्ही पक्षांत ओढाताणच चालली. मराठ्यांनी ती घेतली, पोर्तुगीजांनी परत मिळविली. १७३८च्या अखेरीस ठाणे परत घेण्यास निघालेला त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो तोफेचा गोळा लागून मारला गेला. पुढे १७३९च्या जानेवारीत माहीम-केळवे, तारापूर ही ठाणी पडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर यांच्यासारखा मोहरा खर्ची पडला. मार्चमध्ये धारावी कायमची मराठ्यांकडे आली आणि वसई एकाकी झाली.

किल्ल्याच्या तीन बाजूंस पाणी व दलदल. हल्ला करावयाचा तो उत्तरेकडच्या अरुंद जमिनीवरूनच. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. मे महिन्याच्या आरंभी ते उडविले, त्यांत सेंट सेबास्तियनचा बुरूज फुटला. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत व आपलेच लोक त्यांत सापडले. आतले पोर्तुगीजही शौर्याने लढले, हे मान्य केले पाहिजे. शिबंदी दमली, दारूगोळा संपत आला, तेव्हा त्यांनी तहाचे बोलणे लावले. सैन्यास मानाने निघून जाऊ द्यावे, बायकामुलांस धक्का लागू नये, मागे राहतील त्या ख्रिस्ती रहिवाशांस आपला धर्म पाळता यावा, अशा अटी मान्य झाल्या. मराठ्यांचे हजारो लोक या वेढ्यात ठार अथवा जखमी झाले. त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही लिहून ठेवलेली नाहीत.

विजयानंतर विजयस्तंभ उभारण्याचा रिवाज या लोकांत नव्हता. मोहीम चालू असता चिमाजी अप्पांची छावणी वडवली परिसरात होती व वसई हाती आल्यास वज्रेश्वरी देवीचे देवालय बांधीन, असा नवस त्यांनी केला, असे परंपरा सांगते. नवस फेडण्याचे काम वसईचे नवे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडे आले. हेच शंकराजी वेढ्याच्या कामात पहिल्यापासून होते. म्हणजे ज्यांनी वसईचे तट पाडले, त्यांनीच हे देवालय उभे केले.

भिवंडी तालुक्यात शिरसाड–अंबाडी रस्त्याच्या कडेस, मंदाकिनी डोंगराच्या पायथ्यानजीक हे देवालय आहे. भोवती दगडी तट, दर्शनी नगारखाना, वर जाण्यास बावन्न पायऱ्या. प्रथम पाहणारास किल्लाच वाटावा. नगारखान्याचा दरवाजा वसईच्या किल्ल्याच्या दरवाजाएवढा आहे, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. लढून आलेल्या माणसाला देवीचे घरही तटबंदीचेच सुचावे, यात नवल नाही.

वसईच्या चर्चमधील घंटाही सरदारांनी ठिकठिकाणी नेऊन देवालयांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे इसवी सन कोरलेले आहे. भीमाशंकरास आणि वाईजवळच्या मेणवलीसही अशा घंटा आहेत. जित पक्षाची प्रार्थनेची वस्तू फोडून तिचा गोळा न करता ती पुन्हा प्रार्थनेसाठीच वापरली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

खुद्द चिमाजी अप्पा विजयानंतर फार जगले नाहीत. १७४०च्या एप्रिलमध्ये बाजीराव गेले, डिसेंबरमध्ये अप्पा. १७८०च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई इंग्रजांस मिळवून दिली. ज्या किल्ल्यासाठी एवढे रक्त सांडले, त्याच्या आत इंग्रजी अमलात साखरेचा कारखाना निघाला! तटांवर वड-पिंपळ वाढले. आता किल्ल्यात रस्त्यालगत चिमाजी अप्पांचा पुतळा आहे व चौकच्या टेकडीवरही त्यांचे स्मारक झाले आहे. पण धारावीच्या जुन्या बांधकामाचे थोडेच अवशेष उरले आहेत. तेथे रोज दिवा लावणारे कोणी नव्हते, पडलेला चिरा पुन्हा बसविणारे कोणी नव्हते.

वज्रेश्वरीस मात्र दर पिढीने हात लावला आहे. नवरात्रात व चैत्र अमावास्येच्या जत्रेस आजही तेथे अलोट गर्दी होते. अकलोली आणि गणेशपुरीच्या उन्हाळ्यांवर स्नान करून माणसे बावन्न पायऱ्या चढतात. त्यांत उत्तन, राई, मुर्धे या बाजूचे लोकही असतात. धारावीची टेकडी मागे टाकूनच ते निघालेले असतात.