मागच्या खोलीचा गारठा

तर मंडळी, या वीकएंडला कोड नाही, भिंत. :)

लेस्टरमधलं आमचं घर १८९० च्या दशकातलं. रांगेतलं, लाल विटांचं, इंग्लंडात गावोगाव दिसतं तसलं. वर मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या डोक्यावर, एक छोटी खोली आहे. जानेवारीत सकाळी तिथे १३ अंश. लेकाला स्वतःची खोली हवी होती आणि रिकामी हीच. कपाट सरकवलं तर मागे हातभर काळी बुरशी! त्यात पोराला खोकल्याचा त्रास. एका कंत्राटदाराने पाच मिनिटांत निदान केलं: आतून फोमचे बोर्ड चिकटवा, वरून प्लास्टर, दोन दिवसांचं काम. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण आमची खोड अशी की बग का आला हे कळल्याशिवाय पॅच टाकवत नाही.

म्हणून आधी बाहेर जाऊन भिंत नीट बघितली. विटेची एक लांब बाजू, मग एक आखूड, परत लांब, परत आखूड. आखूड बाजू दिसते म्हणजे वीट बहुतेक आरपार गेलेली. भिंत नऊ इंची, भरीव. साधारण १९२० नंतरच्या घरांत दोन भिंती आणि मध्ये पोकळी असते. (ती पोकळीसुद्धा मुळात पाऊस आत झिरपू नये म्हणून, थंडीसाठी नव्हे.) आणि या खोलीच्या तीन भिंती उघड्यावर.

बांधणाऱ्यांना थंडी वाजत नव्हती का? वाजत होती की! पण ऊब देणं हे त्यांच्या लेखी भिंतीचं कामच नव्हतं, ते कोळशाचं. बहुतेक खोल्यांना शेकोटी, तिच्यावर धुराडं. जाळाला लागणारी हवा दारं-खिडक्यांच्या फटींतून यायची आणि धुराड्यातून वर जायची. जाताना श्वासाचा, ओल्या कपड्यांचा दमटपणा घेऊन जायची. सरकारलाही हवाच हवी होती. १८७५ चा पब्लिक हेल्थ ॲक्ट आणि १८७७ चे नमुना नियम बघा, घराभोवती मोकळी जागा आणि खेळती हवा यांवर भर. भिंतीतून उष्णता किती जाऊ द्यावी याची मर्यादा इमारतींच्या राष्ट्रीय नियमांत आली थेट १९६५ मध्ये! झोपायच्या खोलीतली शेकोटी तर एरवी पेटवायचेच नाहीत, कोणी आजारी असलं किंवा बाळंतपण असलं तरच. म्हणजे आमची खोली तेव्हाही गारच असणार. पण धुराडं उघडं होतं, म्हणून कोरडी.

मग डिसेंबर १९५२. लंडनवर पाच दिवस कोळशाचं धुरकं बसलं. मृतांचा तेव्हाचा अंदाज ४,०००, नंतरच्या अभ्यासात तो १२,००० वर गेला. १९५६ मध्ये क्लीन एअर ॲक्ट आला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घराघरांत उत्तर समुद्राचा नैसर्गिक वायू पोचला, रेडिएटर आले. शेकोट्यांवर हार्डबोर्ड ठोकून वर रंग मारला, पुढे डबल ग्लेझिंग लागलं. गैरसमज नको, हे सगळं चांगलंच झालं. पण धुराडं जो दमटपणा बाहेर नेत होतं तो आता कुठून जाणार, हे फारसं कोणी विचारलं नाही. तो घरातच फिरतो आणि सगळ्यांत गार कोपरा गाठून तिथे पाणी होतो. आमच्या कपाटामागे.

आता फोमचा बोर्ड लावला तर काय होईल? खोलीची ऊब विटेपर्यंत पोचणार नाही, वीट आणखी गार. फटीतून मागे गेलेली दमट हवा तिथे पाणी होऊन बसणार, दिसणारही नाही. जमिनीच्या तुळया भिंतीतच रुतवलेल्या असतात, त्यांची टोकं कुजणार. त्यातून बाहेरच्या दरजा कोणीतरी सिमेंटने भरलेल्या. मूळच्या चुन्यातून भिंत वाळायची, सिमेंट पाणी अडवून ठेवतं. (आपल्याकडच्या वाड्यांच्या भिंतींना सिमेंट थापल्यावर हेच होतं.)

ही भीती नुसती माझी नाही. प्रेस्टनच्या फिशविक भागात २०१३ मध्ये ३०० हून जास्त घरांना बाहेरून इन्सुलेशन लावलं, आणि अनेकांच्या घरात ओल आणि बुरशी आली. ऑक्टोबर २०२५ च्या राष्ट्रीय लेखापरीक्षण अहवालानुसार दोन सरकारी योजनांतल्या बाहेरून केलेल्या इन्सुलेशनपैकी ९८ टक्के कामांना दुरुस्ती लागणार होती, आतून केलेल्यांपैकी २९ टक्क्यांना.

असो. आम्ही उलट्या क्रमाने गेलो. आधी हार्डबोर्ड काढून तिथे जाळी बसवली, बाथरूमला धड पंखा लावला. माळ्यावर जेमतेम इंचभर लोकर होती, ती २७० मिलिमीटर केली, कडेला हवेची फट सोडून. उन्हाळ्यात सिमेंटच्या दरजा खरवडून चुन्याने भरून घेतल्या. आणि शेवटी आतून ४० मिलिमीटरचे लाकडी तंतूंचे बोर्ड, वर चुन्याचा गिलावा. दोन दिवसांचं काम आठ महिने चाललं, बायकोने त्यावर काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. :)

या जानेवारीत सकाळी १६ अंश. कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे आहे आणि दर रविवारी मी टॉर्च घेऊन मागे बघतो. अजून तरी कोरडं आहे.