सौर वीजकेंद्र, दरेवाडी

दरेवाडी (ता. जुन्नर, जि. पुणे) येथील ९.४ किलोवॅट क्षमतेचे लहान सौर वीजकेंद्र. सह्याद्रीतल्या या वाडीपर्यंत महावितरणच्या तारा पोहोचल्या नव्हत्या. ‘ग्राम ऊर्जा’ या पुण्याच्या कंपनीने बॉशच्या अर्थसाहाय्याने केंद्र उभारले आणि २०१२ मध्ये सुमारे ४० घरांत दिवे लागले.

सौर पॅनेलमधील प्रत्येक घट म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या एका थरात फॉस्फरस, दुसऱ्यात बोरॉन अल्प प्रमाणात मिसळलेले असते. दोन्ही थर भिडतात तिथे विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाश पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, हे क्षेत्र त्यांना एकाच बाजूला लोटते आणि बाहेरच्या तारेतून प्रवाह वाहू लागतो. एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून अनेक घट एकापुढे एक जोडतात. वीज प्रकाशापासून होते, उष्णतेपासून नव्हे. उलट पॅनेल तापले की उत्पादन घटते, त्यामुळे वैशाखातल्या रणरणत्या दुपारपेक्षा हिवाळ्यातले स्वच्छ ऊन त्याला अधिक मानवते. पॅनेलमधून मिळणारा एकदिश प्रवाह बॅटरीत साठवतात. इन्व्हर्टर त्याचा घरगुती उपकरणांना लागणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह करतो.

दरेवाडीचे खरे मोल तिच्या कारभारात आहे. घरोघरी मीटर बसवले, वापराप्रमाणे पैसे घ्यायचे ठरले आणि वसुली व देखभाल गावच्याच न्यासाकडे राहिली. फुकट मिळालेल्या दिव्याची काळजी कोणी घेत नाही, ही अडचण तिथे सुरुवातीलाच ओळखली गेली.

मुरबाडहून माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका लागतो. घाटाखाली शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर किंवा कसारा मार्गावरील उंबरमाळीच्या परिसरात असे केंद्र उभारायचे, तर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंश कलते ठेवावे लागते. आषाढ-श्रावणात आभाळ दिवसच्या दिवस झाकलेले असते, त्यामुळे तिथे बॅटरीची क्षमता पावसाळ्याच्या हिशेबानेच ठरवायला हवी. झाडांची सावलीही टाळावी लागते: एका कोपऱ्यावर पडलेली सावली सबंध ओळीचा प्रवाह ओढून खाली आणते.

पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, शिसे-आम्लाची बॅटरी मात्र काही वर्षांतच बदलावी लागते. त्या खर्चाची रक्कम पहिल्या बिलापासून बाजूला काढली नाही, तर चांगले पॅनेल छपरावर असूनही वाडी पुन्हा अंधारात जाते.