मेलेलं जनावर आमच्या वाट्याला, जिवंत जनावराचं शास्त्र कुणाच्या?

मागच्या उन्हाळ्यात आम्ही वस्तीतल्या बुद्ध विहारात दहावी-बारावीच्या मुलांसाठी मार्गदर्शन शिबिर घेतलं. एका मुलाने उठून विचारलं, "पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करू का?" त्याला उत्तर द्यायला आम्ही तोंड उघडायच्या आधीच मागे बसलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "परत ढोरांचंच काम? त्यासाठीच बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं होतं काय?"

सभागृहात शांतता पसरली. तो मुलगा खाली बसला. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो आहोत, कारण हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही.

प्रथम बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितलं ते पाहू. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. पण मृत मांस खाणं सोडा हा आग्रहही तिथेच धरला गेला. स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरं आपणच पुरावीत, असंही तिथे ठरावात सांगितलं गेलं. बाबासाहेबांचा विरोध जनावराला नव्हता. जन्माने लादलेल्या, नाकारता न येणाऱ्या आणि माणसाला अस्पृश्य ठरवणाऱ्या कामाला त्यांचा विरोध होता. या दोन गोष्टींत गल्लत केली, तर जे शास्त्र आपल्यापासून लपवलं गेलं त्याचं दार आपण आपल्याच हाताने बंद करू.

गावगाड्यात जनावराच्या शरीराच्या आत काय असतं हे कुणी पाहिलं होतं? ज्यांनी कातडं सोडवलं त्यांनी. कुठला सांधा कुठे, आतडं किती लांब, कुठलं जनावर कशाने मेलं असावं, हे आपल्या पूर्वजांच्या हातांना कळत होतं. युरोपात अशाच पाहण्यातून शरीररचनाशास्त्र उभं राहिलं. इथे मात्र त्या पाहण्याला विटाळ म्हटलं गेलं. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी प्रेताचं विच्छेदन केलं. उच्चजातीय माणसाने प्रेताला सुरी लावली म्हणून ते नाव इतिहासात गेलं. त्यांचं धाडस आम्ही नाकारत नाही. पण पिढ्यानपिढ्या मृत शरीर हाताळणाऱ्यांची नोंद कुठे आहे? तेच काम एकाला वैद्य ठरवतं आणि दुसऱ्याला अस्पृश्य. मुंबईत १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं, तेव्हा जनावराचं शास्त्र वर्गात आलं. त्या वर्गाच्या दारापर्यंत जाणारी शाळाच आपल्या मुलांना बंद होती.

आता आपल्यासारखाच प्रश्न पडलेल्या दुसऱ्या एका समाजाकडे पाहू.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी संस्था सुरू केली. विटा पाडणं, सुतारकाम, शेती, पशुपालन हे तिथलं शिक्षण. आधी हाताला काम, प्रतिष्ठा मागाहून येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९०३ साली आपल्या पुस्तकातून त्यावर कठोर टीका केली. नुसतं कारागिरीचं शिक्षण घेऊन मतदानाचा हक्क आणि उच्च शिक्षण मागायचं नाही, तर काळा माणूस कायम खालच्या पायरीवर राहील, असा त्यांचा मुद्दा होता. याच ड्यू बॉईस यांच्याशी १९४६ साली बाबासाहेबांनी पत्रव्यवहार केला.

या वादाचं पुढे काय झालं ते टस्कीगीतच दिसतं. फ्रेडरिक पॅटरसन हे काळे पशुवैद्य. त्यांनी १९२३ साली आयोवातून पदवी घेतली, १९२८ मध्ये टस्कीगीत शिकवायला आले आणि १९३५ मध्ये संस्थेचे अध्यक्ष झाले. टस्कीगीहून तीसेक किलोमीटरवर ऑबर्नला १९०७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय होतं, पण ते गोऱ्यांचं. काळ्या विद्यार्थ्याला ऑबर्नमध्ये पहिला प्रवेश १९६४ साली मिळाला. पॅटरसन तोवर थांबले नाहीत. १९४५ साली त्यांनी टस्कीगीतच पशुवैद्यकीय महाविद्यालय काढलं. जिथे गायी सांभाळायला शिकवत, तिथेच गायीचे डॉक्टर घडू लागले. १९४९ च्या पहिल्या तुकडीत आल्फ्रेडा जॉन्सन वेब होत्या. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातून जेन हिंटन पदवीधर झाल्या. अमेरिकेतल्या या पहिल्या दोन काळ्या महिला पशुवैद्य. वेब पुढे नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळातही पोचल्या.

१९४५ हे वर्ष आपल्यालाही परकं नाही. त्याच वर्षी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी सिद्धार्थ कॉलेज उभं राहिलं. त्याआधी १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी परदेशी उच्च शिक्षण आणि तांत्रिक शिक्षण या दोन्हींची मागणी केली होती. एक घ्या आणि दुसरं सोडा, असं ते म्हणाले नाहीत.

आता डिप्लोमाकडे येऊ. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने घराजवळच्या, स्वस्त, सर्वांना खुल्या कम्युनिटी कॉलेजांचं जाळं उभारायला सांगितलं आणि शिक्षणातला वर्णभेद संपवण्याची शिफारसही केली. पशुवैद्यकातल्या तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम न्यूयॉर्क राज्यातल्या डेल्ही गावच्या सरकारी कॉलेजात १९६१ साली सुरू झाला. आज अमेरिकेत असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम अनेक कम्युनिटी कॉलेजांत आहेत. रक्त काढणं, एक्स-रे, भूल दिलेल्या जनावरावर लक्ष ठेवणं, प्रयोगशाळेतल्या तपासण्या हे सगळं तिथे शिकवतात आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा असते. बापाने जमीन विकावी लागणार नाही, असा हा रस्ता.

पण रस्त्याला छत आहे. रोगनिदान, औषध लिहून देणं आणि शस्त्रक्रिया फक्त डॉक्टरच करणार. २०२३ च्या सरकारी आकड्यांनुसार तिथल्या पशुवैद्याची मध्यम वार्षिक कमाई एक लाख एकोणीस हजार डॉलरच्या आसपास, तर तंत्रज्ञाची चव्वेचाळीस हजारांच्या आसपास. आपल्याकडेही तेच. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पदवीधरालाच व्यवसायाचा अधिकार दिला. पदविकाधारकाला राज्य सरकारच्या परवानगीने, पदवीधराच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. अर्धवट शिकलेल्या हातात सुरी जाऊ नये हे आम्हालाही मान्य आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. खालच्या पायरीवरून वर जायला जिना आहे का? की तिथे कोण थांबणार हे आधीच ठरलेलं आहे?

जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारलं गेलं. त्यानंतर दलितांनी मेलेली जनावरं उचलणं थांबवलं, सुरेंद्रनगरला तर ती थेट कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली. महाडच्या ठरावाला एकोणनव्वद वर्षांनी मिळालेलं ते उत्तर होतं. नकार पूर्ण झाला. आता हक्काची पाळी आहे.

म्हणून त्या मुलाला आमचं उत्तर असं: डिप्लोमा कर, बिनधास्त कर. इंजेक्शन घेऊन जिवंत गायीजवळ उभा राहशील, तेव्हा तू जुन्या कामावर परतलेला नसशील. जे ज्ञान आपल्या हातात असून आपलं मानलं गेलं नाही, ते तू परत घेत असशील. पण पदविकेला मुक्काम समजू नकोस. जमेल तर पदवीची तयारी सुरू ठेव. आणि संघटना म्हणून आपण तीन गोष्टी मागू: पदविकाधारकांना पदवीच्या प्रवेशात राखीव वाट, शिष्यवृत्ती वेळेवर, आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांतल्या आरक्षित जागा प्रत्यक्षात भरल्या जातात की नाही याचा दरवर्षी जाहीर हिशेब.

त्या ज्येष्ठांनाही आदराने सांगतो: काका, तुमचा राग खरा आहे. तो राग या मुलाच्या वाटेत उभा करू नका, त्याच्या पाठीशी उभा करा.

जय भीम!